एकशे दोन सेंटिमीटर

मधल्या खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, एक शिलाई मशीन आणि तीन सुटकेस होत्या. सगळं भिंतीकडे सरकवल्यावर सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद फरशी मोकळी झाली. तिच्यावर मी चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या, एकमेकींपासून एकशे वीस सेंटिमीटरवर.

आईला तिथे वीरभद्रासन करायचं होतं. ती बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. पाच-पाच तास उभी राहून सर्जनच्या हातात अवजारं देते. चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून तिचा उजवा गुडघा दुखावला. एकवीस दिवसांनी हॉस्पिटलच्या फिजिओबाई तिची परीक्षा घेणार होत्या: उजव्या पायावर, आधाराशिवाय, तीस सेकंद. जमलं तर थिएटर. नाहीतर केसपेपरची खिडकी, कायमची. पहिल्या दिवशी तिला नऊ सेकंद जमले.

मांड्यांत बळ यावं म्हणून फिजिओबाईंनी उभ्याने करायची तीन आसनं दिली होती. ताडासन आणि उत्कटासन आईने मुकाट्याने उचललं. वीरभद्रासनाने मात्र आमच्या नाकी नऊ आणले. दोन रेघांवर एकेक पाय ठेवून पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ, हात दोन्हीकडे पसरलेले. तिचा गुडघा आत कलायचा, मागची टाच उचलायची, आणि दहा मोजेपर्यंत आई पलंगावर.

"टाच खाली ठेव."

"खालीच आहे."

"आई, मला दिसतेय. चार सेंटिमीटर वर आहे."

"मग ये आणि धरून ठेव खाली. नुसती घड्याळ घेऊन काय उभी राहतेस?"

आसनं झाली की एका पायावर उभं राहायचं आणि मी आकडा वहीत लिहायचा. नऊ, अकरा, दहा, बारा, दहा. तेराव्या दिवशीही बारा. माझा आलेख टेबलासारखा सपाट होता आणि त्याचा राग मी तिच्यावर काढला.

"तू मन लावून करतच नाहीस. नाचता येईना, अंगण वाकडं!"

आई लंगडत मशीनपाशी गेली, ड्रॉवरमधून शिवणाची टेप काढली आणि माझ्या कमरेपासून टाचेपर्यंत लावली. ब्याण्णव. मग स्वतःला. अठ्ठ्याहत्तर.

"या रेघा कुणाच्या पायाने ठरवल्यास?"

मीच उभं राहून बघितलं होतं. मला नीट उभं राहता आलं, तिथे पट्टी चिकटवली होती.

"शास्त्रज्ञबाई," ती म्हणाली, "अंगणच वाकडं होतं की!"

मी गुणाकार-भागाकार केला आणि रेघ अठरा सेंटिमीटर आत घेतली. तिची टाच टेकली. मांडी थरथरत होती, पण गुडघा सरळ पुढे होता. ती हाताच्या बोटांवरून खिडकीकडे बघत राहिली.

"चार महिने मी सगळ्यांना विचारून उठतेय, बसतेय," ती हात खाली न घेता म्हणाली. "असं उभं राहिलं की वाटतं, आता कुणी ढकलून दाखवावं मला."

"कोण ढकलणार तुला?" दारातल्या खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"तुम्ही नक्कीच नाही. त्यासाठी उठावं लागतं."

पण उरले होते आठच दिवस. चौदा, सतरा, सतरा. मग एकदम तेरा, कारण आदल्या दिवशी तिने हट्टाने दुप्पट वेळ आसनं केली होती. त्यावरून आम्ही दोघी कडकडून भांडलो. एकोणीस, बावीस, चोवीस. शेवटच्या दिवशी सव्वीस.

"चार कमी पडतायत," मी म्हटलं.

"माहितीये मला! वही मीट आधी. तुझं तोंड बघूनच तोल जातो माझा."

परीक्षेला तिने मला आत येऊ दिलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. एकशे बारा भरल्या. मग दार उघडलं आणि फिजिओबाईंनी कागद माझ्या हातात दिला.

डावा पाय एकतीस सेकंद. उजवा चौतीस.