गच्चीवर कोणी नाही

निवृत्त झालेला माणूस एकतर देवाच्या नादी लागतो, नाहीतर बायकोच्या मागे लागतो. मधुकररावांनी दोन महिने दुसरा मार्ग धरून पाहिला. गॅस कधी मंद करावा, फोडणीत आधी काय पडावं, दूधवाल्याशी किती बोलावं, हे सगळं ते जयवंताबाईंना समजावून सांगू लागले. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात सुपरवायझरकीत गेली होती. कोणाला तरी समजावल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. शेवटी जयवंताबाई खालच्या मजल्यावरच्या कृष्णकांतकडे गेल्या. तो मधुकररावांचा जुना सोबती, एकाच कंपनी-बसमधला.

"भाऊजी, यायले कुठं तरी गुंतवा बा," त्या म्हणाल्या. "नाही तं मीच घर सोडून जाईन."

कृष्णकांतला पाखरांचं वेड होतं. त्यानं नवी दुर्बीण घेतली होती आणि जुनी तशीच पडून होती. तिवईवर बसवायची, एका डोळ्यानं पाहायची, लांबलचक. स्पॉटिंग स्कोप म्हणतात तिला. तिच्या डोळा लावायच्या टोकाला मोबाइल अडकवायची एक पकड मिळते. ती नीट बसली की तलावापलीकडचा पक्षी मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसतो. कृष्णकांतनं हे सगळं बिऱ्हाड मधुकररावांच्या गच्चीवर मांडून दिलं. समोर सक्करदऱ्याचा तलाव होता, पलीकडच्या काठावर नव्या इमारती होत्या, आणि सकाळचं ऊन पाठीवर येत होतं. फोटोला याहून चांगली जागा नाही, असं तो म्हणाला.

पहिले काही दिवस मधुकररावांनी काळ्या वर्तुळांचे फोटो काढले. मोबाइल जरासा सरकला की पडद्यावर नुसता अंधार, मधे टिकलीएवढा उजेड. मग उजेड मोठा झाला तर पक्षी हललेला.

"बटन बोटानं दाबू नको गा मधुकर," कृष्णकांत सांगे. "तुझं बोट लागलं का इकडं भूकंप होते. घड्याळ लाव दोन सेकंदांचं, अन् हात काढून घे. आपोआप निघते फोटो."

हात काढून घेणं ही गोष्ट मधुकररावांना जन्मात जमली नव्हती. गल्लीतली पोरं खालून ओरडत, "काका, चंद्रावर प्लॉट पाहून राहिले का?" तरी ते हट्टाला पेटले होते. हट्ट हा त्यांचा मूळ गुण. त्या हट्टापायी त्यांनी काय काय केलं होतं ते पुढे येईलच.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांना पहिला खरा फोटो मिळाला. तलावात रोवलेल्या बांबूवर खंड्या बसला होता, काळा-पांढरा, चोचीत मासोळी. त्यांनी घड्याळ लावलं, हात काढून घेतला, श्वाससुद्धा धरला. फोटो निघाला. पिसान् पीस दिसत होतं. मधुकररावांनी गडबडीत जयवंताबाईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पक्ष्याच्या मागे, पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालणारी एक धूसर बाई होती. ओली साडी दोनदा झटकून, मान तिरपी करून ती दोरीवर टाकायची तऱ्हा. ती तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती.

दुर्बिणीची एक खोड असते. जवळचं स्वच्छ हवं असेल तर लांबचं धूसर राहतं, आणि लांबचं हवं असेल तर जवळचं सोडून द्यावं लागतं. मधुकररावांनी दुर्बिणीवरचं कडं फिरवलं. खंड्या विरघळला, बांबू विरघळला आणि मागची बाई स्वच्छ झाली.

ती मोनाली होती.

मधुकरराव गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. आपली मुलगी दिसली तर बापाला आनंद व्हावा की राग यावा, ते बापापरत्वे. पण त्यांना नुसती भीती वाटली, कारण त्यांच्या हिशेबी मोनाली मेलेली होती.

आठ वर्षांपूर्वी तिनं धम्मदीपशी लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, घर सुसंस्कृत. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. मधुकररावांना जातीपलीकडे त्या मुलात एकही खोट काढता आली नाही, म्हणून त्यांचा राग जास्तच चढला. रागाच्या भरात माणसं म्हणतात, तिच्या नावानं आंघोळ केली. म्हणतात आणि चार महिन्यांनी बारशाला जातात. मधुकरराव बोलून थांबणारे नव्हते. ते आपल्या गावी, खाप्याला गेले, कन्हान नदीत उतरले, कोणी मेल्यावर घेतात तशी डोक्यावरून बुडी घेतली आणि ओल्या अंगानं घरी आले. जयवंताबाईंनाही त्यांनी मोरीत पाठवलं. "मोनाली गेली," ते म्हणाले, "आता या घरात तिचं नाव निघालं तर मी निघेन." नाव निघालं नाही.

आणि आता ती समोर कपडे वाळत घालत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुर्बीण लावली ती आधी बांबूकडे. स्वतःशीच लबाडी करायची तर रीतसर करावी. मग कडं आपोआप फिरलं. ती जाड झाली होती. कपाळाजवळ केस पांढरे झाले होते. मागे वळून ती कोणाशी तरी हसून बोलली. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. तलावावरून धुकं उठत होतं, त्यात ती मधेच पुसली जाई आणि पुन्हा उमटे. मधुकररावांनी लहानपणी खाप्याला नदीकाठच्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यातली भुतं अशीच असत, दिसणारी आणि न बोलणारी. पण त्या भुतांना कोणी आपल्या हातानं मारलेलं नसे.

त्यांची भूक गेली. दुपारी डोळा लागला की डाव्या डोळ्यापुढे गोल उजेड येई आणि त्यात ती उभी असे. कृष्णकांत नवे फोटो मागू लागला तर ते म्हणाले, धुकं आहे.

मग त्यांना ती छोटी दिसली. पाचेक वर्षांची, दोन शेंड्या, एक नेहमी सुटलेली. ती रोज सकाळी गॅलरीतल्या कुंडीतून झेंडूचं फूल तोडी आणि आत जाई. आतल्या भिंतीवर फोटो होते. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा, आणि त्यांच्या खाली, मुलीच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, तिसरा. त्या तिसऱ्याला हार होता. ती त्याच्यासमोरच्या फळीवर फूल ठेवी, हात जोडी आणि उड्या मारत निघून जाई. तिसरा फोटो सावलीत होता. धम्मदीपचे वडील गेले असतील, मधुकररावांनी ठरवलं. चांगलं आहे, नात आजोबांना विसरली नाही. असं म्हणताना त्यांना त्या अनोळखी मेलेल्या माणसाचा हेवा वाटला.

डिसेंबर सरत आला तसं ऊन तिरपं होऊन रोज थोडं आत सरकू लागलं. एका सकाळी ते तिसऱ्या फोटोपर्यंत पोचलं. मधुकररावांनी घड्याळ लावलं आणि हात काढून घेतला. आता त्यांना ते छान जमत होतं. फोटो निघाल्यावर त्यांनी दोन बोटांनी पडदा ताणून तो मोठा केला.

राखाडी कोट, कोटाला निरोपसमारंभाचं गुलाबाचं फूल, कपाळावर उभी आठी. हाराच्या आत ते स्वतः होते.

खाली जयवंताबाई मटाराच्या शेंगा सोलत होत्या. मधुकररावांनी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, पण दचकल्या नाहीत.

"मीच देल्ला तो फोटो," त्या म्हणाल्या.

"तू तिथं जातेस?"

"दर शनिवारी. तुमाले मंदिरात जातो म्हनून सांगतो ना, तवा."

"काहून वं?" त्यांचा आवाज फाटला. "मी जिता हाय. मले हार काहून घातला?"

जयवंताबाईंनी ताटली बाजूला ठेवली. "हर्षा नाव हाय पोरीचं. बालवाडीत जाते. बाकीच्या पोरायले आबाजी घ्याले येतात. तिनं विचारलं, माहे आबाजी कुठं हायेत. आता काय सांगावं मोनानं? तलावाच्या पल्याड हायेत, पन तुही आई त्यायच्यासाठी मेली, असं सांगावं? तिनं सांगतलं, आबाजी वारले. लेकरू रडलं अन् मोकळं झालं."

मधुकररावांनी मोबाइल उलटा करून ताटलीशेजारी ठेवला.

"मोना म्हनते, लय चांगले होते आबाजी," जयवंताबाई पुढे म्हणाल्या. "सायकलच्या दांडीवर बसवून खाप्याच्या नदीवर नेत होते, वाळूचं घर करून देत होते. रोज एक गोष्ट सांगते पोरीले. त्या फोटोतल्या मानसावर तिचा लय जीव हाय. म्हनून सांगतो, जपून."

"म्हणजे?"

"तुमी दिसता तिले. ते डबडं घेऊन रोज गच्चीवर उभे राहता ते. हर्षा विचारते, आई, तिकडं गच्चीवर कोन हाय? मोना म्हनते, कोनी नाही."

मग मधुकरराव म्हणाले, "तू बी केली होती ना आंघोळ?"

"नळ सोडून बसली होती मी मोरीत," जयवंताबाई म्हणाल्या. "पानी बादलीत पडत होतं. माह्या अंगावर थेंब नाही घेतला."

त्या रात्री मधुकररावांना पहिल्यांदा आपण केलेल्या गोष्टीची लाज वाटली. राग नव्हे, पश्चात्तापाचं नाटक नव्हे, साधी लाज. त्यांना मुलगी हवी होती. त्या घरात आपण जिवंत आहोत हे त्या छोटीला कळायला हवं होतं. बाकी त्यांना काही नको होतं. उद्या रविवार, सगळे घरी असतील. जायचं, आणि मोनाली जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी पडल्या पडल्या तेवढाच सराव केला.

सकाळी त्यांनी दाढी केली. लेकीच्या दारात आठ वर्षांनी जायचं तर नीटनेटकं जावं, म्हणून कपाटातला सर्वांत चांगला कपडा काढला, निरोपसमारंभाचा राखाडी कोट. जयवंताबाईंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि काहीतरी बोलायला ओठ उघडले. पण त्यांना कोटाची बटणं लावताना पाहून त्या गप्प बसल्या. "मी नाही येत," एवढंच म्हणाल्या. "तुमचं तुमी निस्तरा."

तलावाला वळसा घालून ते चालत गेले. बांबूवर खंड्या होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पलीकडच्या काठावरून त्यांची स्वतःची गच्ची दिसली. तिवई उभी होती, शेजारी कोणी नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार अर्धं उघडंच होतं. आतून उदबत्तीचा वास आणि पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून त्यांचे पाय जागीच थांबले. इतके दिवस त्या घरात आवाजच नव्हता. त्यांनी बेल दाबायला हात उचलला, तेवढ्यात दार पूर्ण उघडलं. समोर हर्षा होती. एक शेंडी सुटलेली, हातात झेंडूचं फूल.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. कोटाकडे, कपाळावरच्या आठीकडे. मग वळून आतल्या भिंतीकडे पाहिलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे. ती मुळीच घाबरली नाही.

"आई," तिनं आत हाक मारली, "फोटोतले आबाजी आले."

पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

मधुकररावांनी मोना म्हणायला तोंड उघडलं. बोलायचं म्हणून त्यांनी तेवढंच ठरवलं होतं. त्याआधी तिचा आवाज आला, आठ वर्षांनी पहिल्यांदा, अगदी जवळून, भिंतीच्या आडून. तो आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

"आबाजी येत नसतात बेटा. गेलेलं मानूस येत नाही. नीट पाह्य, कोनी नाही तिथं. दार लाव."

लाटणं पुन्हा सुरू झालं नाही. ती भिंतीपलीकडे उभी होती, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं. दोन पावलं टाकली असती तर दिसली असती. पण आतून कोणी या म्हणत नव्हतं, आणि न बोलावता कोणाच्या घरात शिरण्याचा हक्क त्यांनी स्वतःच नदीत सोडला होता.

हर्षा विचारात पडली. आई खोटं बोलत नाही, आणि आबाजी तर समोर दिसताहेत. या दोन्हींचा मेळ तिनं आपल्या परीनं घातला. रोज फोटोसमोर वाकते तशी ती वाकली, हातातलं फूल मधुकररावांच्या पायांवर ठेवलं, डोळे मिटून हात जोडले आणि दार लावून घेतलं.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. फूल घसरून पडेल म्हणून मधुकरराव ते उचलायला खाली वाकले. मग फूल ज्याला वाहिलं त्यानं ते स्वतः उचलायचं नसतं हे त्यांना आठवलं, आणि पाय न हलवता ते तसेच उभे राहिले.