शुक्रवारचं टपाल

टॅमसिन क्वेलने हनुवटी उचलली, ओठ घट्ट मिटले, आणि ती सातव्यांदा हसली.

"गेला वाया." टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे ग्लेनिसने कॅमेरा खाली घेतला. "अगं, दात झाक की! ओळखपत्र काढतेयस का टूथपेस्ट विकतेयस?"

"मी नाही हसत. तोंडच हसतंय, त्याला मी काय करू?"

सरकारला तिचा चेहरा निर्विकार हवा होता. विमानतळाच्या सुरक्षित भागात पाऊल टाकणारा माणूस आनंदी असू नये, असा काही सिद्धान्त या अटीमागे असावा. टॅमसिन सकाळपासून त्याचं चालतंबोलतं खंडन होऊन वावरत होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिला वैमानिकाची नोकरी मिळाली होती. छोट्या विमानातून औषधं आणि रक्ताचे नमुने किनाऱ्यावरच्या मोठ्या विमानतळावर पोचवायचे. उडवण्याचा परवाना होता, विमान होतं; राहिलं होतं ते सुरक्षा ओळखपत्र. त्याच्या तपासणीला काही आठवडे लागतात. अर्ज आज तीनच्या टपालगाडीने गेला नाही, तर पहिल्या फेरीला दुसरा वैमानिक बसेल, असं मालकाने अतिशय सौजन्याने कळवलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"फोटोचं नंतर बघू. कागद दे आधी."

"शुक्रवारी अर्ज तरी घेतेस ना?" टॅमसिनने पाकीट खिडकीतून सरकवलं. "माझ्या नावाने इथे राखून ठेवलेलं टपाल तू शुक्रवारी कधीच दिलं नाहीस. गुरुवारी ये म्हणजे गुरुवारीच ये. जगात कुठे नसेल असला नियम!"

ग्लेनिसने चष्मा चढवला. या गावाच्या टपाल कार्यालयात तिची एकतीस वर्षं गेली होती. अर्जासोबतची मूळ कागदपत्रं पाहून शिक्का मारण्याचा अधिकार तिचाच होता. जन्मदाखला, पारपत्र, विजेचं बिल, मालकाचं पत्र; प्रत्येकावर ती शांतपणे खूण करत गेली. मग गेल्या दहा वर्षांच्या पत्त्यांचा रकाना आला. त्यात एकाही महिन्याची फट चालत नाही. माणूस दहा वर्षं सलग कुठल्या ना कुठल्या छपराखाली असतोच, यावर रकाना रचणाऱ्याची अढळ श्रद्धा होती. ते छप्पर सोडून कुणाला का पळावं लागतं, हे विचारायला त्याने जागा ठेवली नव्हती.

ग्लेनिसचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे सात महिने तू ॲडलेडला बहिणीकडे नव्हतीस."

टॅमसिनचा हात खिडकीच्या कडेवर घट्ट झाला. खोटी माहिती हा गुन्हा आहे, हे त्याच पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"मग काय लिहू? गाडीत झोपत होते म्हणून?"

"गाडी कुठे उभी होती?"

"गावच्या धावपट्टीपाशी. तीन नंबरच्या हँगरमागे." तिचा आवाज खाली आला. "दिवसा विमानं धुवायची, त्या बदल्यात शिकवणीचे तास मिळायचे."

"मग तेच लिही. कुठे होतीस एवढंच विचारलंय. कशात झोपलीस, ते नाही विचारलं."

टॅमसिनने ओळ खोडली, शेजारी सही केली आणि नवा पत्ता लिहिला. ओठांचे कोपरे लगेच पुन्हा वर गेले.

"पण तुला कसं गं माहीत? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

"तुझं टपाल इथे यायचं. आणि क्रेगही यायचा."

नवऱ्याचं नाव या गावात तिने सहा वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"इथे?"

"आत्ता तू उभी आहेस ना, तिथेच. विचारायचा, टॅमसिन क्वेल टपाल न्यायला येते का. मी म्हणायचे, बाबा, इथे तिकिटं मिळतात, माणसं नाही मिळत." ग्लेनिसने शिक्का शाईत दाबला. "वसंत लागेपर्यंत खेपा घातल्या त्याने. वाराचा मात्र पक्का होता. दर शुक्रवारी."

शिक्का उमटला. टॅमसिनने मान वळवली. दाराजवळच्या फलकावर कामाच्या वेळा होत्या, पार्सलचे दर होते, कुत्री बाहेर बांधण्याची विनंती होती. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच, सर्व सेवा उपलब्ध.

ती पुन्हा खिडकीकडे वळली, तेव्हा ग्लेनिसच्या हातात कॅमेरा होता.

"हां. अगदी असंच. हलू नकोस."

बटण दाबलं गेलं. फोटो पाकिटात गेला, पाकीट थैलीत. तीनला पाच कमी असताना बाहेर टपालगाडीचा भोंगा वाजला.

"जा, तूच नेऊन दे गाडीवाल्याला," थैली खिडकीतून पुढे करत ग्लेनिस म्हणाली. "आणि आता हस, काय हसायचं ते."