वत्सलेची माणसं

मार्गशीर्षातली मंदगती, दवधवल सकाळ वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरत होती. निळ्यात राखाडी, राखाडीत किंचित केशर. माडांच्या झावळ्यांतून दव ठिबकत होते आणि समुद्र, तो आळशी, अजून झोपेतच कूस बदलत होता.

हे सारे कालिंदी केळुसकरने केव्हाच लिहून ठेवले होते. लिहिणारच! समुद्र तिचा, सांज तिची, ऋतू तिचे. माणसे मात्र वत्सला आरोलकरची. सव्वीस वर्षे दोघींनी मिळून कथा लिहिल्या त्या अशा: कालिंदीने आभाळ रंगवायचे, पानावर चार बोटे जागा मोकळी सोडायची, आणि त्या जागेत वत्सलेने माणसांना बोलते करायचे.

वत्सला ती बोलणी आणायची कुठून? मासळीबाजारातून, एसटी स्टँडवरून, गिरणीच्या रांगेतून. पिशवीत बांगडे आणि कानात चार वाक्ये, दोन्ही ताजी.

"तुझो सूर्यास्त पुरो झालो गो बाये," ती म्हणायची. "त्या बायेक तान लागली हा, तिका पाणी मागूक दी."

कालिंदी रुसायची. रुसायची आणि अर्धा सूर्यास्त खोडायची. खोडल्यावर कळायचे, उरलेला तेवढाच खरा होता.

आश्विनात वत्सला गेली. तापाचे निमित्त झाले आणि तीन दिवसांत होत्याचे नव्हते झाले.

मागे राहिली एक अर्धी कथा. बंदरावर मासे विकणारी आई, दूरदेशी निघालेली लेक, सुवर्णजर्जर संध्याकाळ. आईने एकच वाक्य बोलायचे होते. दोन महिने कालिंदी त्या चार बोटांपाशी अडून बसली. "जा कन्यके, तुझे क्षितिज तुला लाभो," असे तिने एकदा लिहिलेसुद्धा. अगं बाई! कुठली आई असे बोलते? तिने ते खोडले, आणि आई किनाऱ्यावर मुकीच उभी राहिली.

वत्सला असती तर त्या कन्यकेवर हसून हसून लोळली असती. आता हसायलाही कुणी नाही, या विचाराने त्या सकाळी कालिंदीला रडू कोसळले. एकटीने लिहिता येते म्हणे. येत असेल कुणाला, तिला येत नव्हते.

त्याच दुपारी वत्सलेची लेक मिथिला पुण्याला, नोकरीवर परत निघाली. वडील अंगणातूनच मागे फिरले. त्यांच्याने स्टँडपर्यंत येववेना. कालिंदी गेली.

मिथिला एसटीच्या खिडकीत बसली. डोळे कोरडे, कोरडे, कोरडे. आई गेल्यापासून पोर रडलीच नव्हती.

"मावशे," ती म्हणाली, "आई असती तर आता कायतरी बोलली असती. तू तरी बोल गो."

कालिंदीच्या ओठांशी मेघ आले, पक्षी आले, अस्तमान सूर्य आले. सगळे निरुपयोगी. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, आणि न शोधता, न जुळवता, तिच्या तोंडून निघून गेले:

"पोचलंस काय माका फोन कर. तुझो फोन येयपर्यंत माका झोप लागाची नाय."

मिथिलाचा चेहरा वेडावाकडा झाला. खिडकीचा गज धरून ती रडली, हमसून हमसून, पोटातून रडली. गाडी वळणापार दिसेनाशी झाली.

हेच! हेच त्या किनाऱ्यावरच्या आईचे वाक्य! सव्वीस वर्षे शेजारी बसून वत्सलेने हे बोलणे तिच्यात कधी रुजवले, तिचे तिलाही कळले नव्हते. कालिंदी हरखली. आत्ताच्या आत्ता वत्सलेला सांगायला हवे! ती लगबगीने निघाली, म्हातारपण विसरून, धापा टाकत, हसत, डोळे पुसत.

आरोलकरांच्या आळीच्या तोंडाशी तिला आठवले.

ती थांबली. भर उन्हात, भर रस्त्यात, ते एवढेसे वाक्य ओठांत धरून, उभी राहिली, एकटी उभी राहिली.