सात विहिरींचा दावा

कोर्टाच्या शिपायाने सात नावं पुकारली आणि एकटी मुक्ताबाई उठून उभी राहिली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कातडी कमावायच्या कारखान्याला सरकारी परवानगी मिळाली, तेव्हा वाडीतल्या सात विहिरींच्या मालकांनी मिळून नगरच्या कोर्टात दावा लावला होता. मग कारखानदाराच्या वकिलाची नोटीस आली, की दावा हरलात तर आमचा सगळा खर्च तुमच्याकडून वसूल करू. महिन्याभरात सहा जणांनी माघारीचे अर्ज दिले; पुकाऱ्याच्या कागदावर त्यांची नावं तेवढी राहिली होती. त्यांत तिचा सख्खा दीर सूर्यभानही होता.

दोन्ही वकील इंग्रजीत भांडत होते. मुक्ताबाईला काही कळेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी. शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघून मराठीत सांगितलं,

"बाई, प्रश्न साऱ्या वाडीच्या पाण्याचा आहे. खर्चाच्या भीतीनं कुणी गप्प बसायला नको. निकाल कसाही लागो, ज्याचा खर्च त्यानं सोसायचा."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली तरी तिला कधी एकदा वाडी गाठते असं झालं होतं. मिरजगावला उतरून वाडीची वाट तुडवत ती घरी न जाता थेट सूर्यभानच्या ओट्यावर गेली. पुन्हा सामील होण्याचा अर्ज वकिलाने टाईप करून दिला होता. तो आणि अंगठ्यासाठी शाईची डबी तिने पुढ्यात ठेवली.

"भावजी, खर्चाचं भ्याव मिटलं. खुद्द जज्जसायबांनी सांगितलं."

"लई चांगलं झालं, वैनी."

"मग?"

सूर्यभानने कागदाला हात लावला नाही. नखाने ओट्याचा पोपडा उकरत राहिला.

"आमच्या पोराला, गोरक्षाला, त्या कारखान्यात मुकादम म्हनून घेनार हायती. कवाचंच ठरलंय."

मुक्ताबाई उठली, पुन्हा बसली.

तेवढ्यात सूर्यभानची बायको बायडाबाई आतून आली. पिठाचे हात तिने लुगड्याला पुसले.

"इहिरीचं पानी मी शेंदते," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "ह्यांनी कवा शेंदलं न्हाई. माझा आंगठा चालंल का, जाऊबाई?"

विहीर सूर्यभानच्या नावावर होती; बायकोचा अंगठा चालेल की नाही, मुक्ताबाईला ठाऊक नव्हतं. तरी तिने डबीचं झाकण काढलं.

सूर्यभान ओट्यावरून उतरला, बैलांकडे गेला आणि दावणीपाशी नुसताच उभा राहिला.