दुसऱ्या किल्लीचा शब्द

माझा कोणावरच पटकन विश्वास बसत नाही, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. बिश्केकमधल्या आमच्या शिवण कारखान्यातल्या एकतीस बायकांचे पासपोर्ट आणि फोटो माझ्या संगणकात असतात. तेवढ्यावर कोणीही त्यांच्या नावानं घरबसल्या कर्ज उचलू शकतो. शेजारच्या कारखान्यातल्या तिघींच्या दारात वसुलीवाले येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण कर्जदार आहोत.

म्हणून मालकांनी मे महिन्यात एर्निस नावाच्या तरुणाला बोलावलं, ऑनलाइन फसवणुकीपासून कसं वाचायचं ते आम्हाला शिकवायला. मालक म्हणजे माझे मोठे दीर. सगळ्या बायका त्यांना आदरानं बायके म्हणतात, मीही तेच म्हणते, त्यामुळे बाहेरच्याला नातं कळत नाही. एर्निस फार गोड बोलायचा. आवाजाची नक्कल कशी होते हे दाखवायला त्यानं बायकेंना पानभर मजकूर फोनसमोर वाचायला लावला. मग म्हणाला, "खात्रीसाठी दोन किल्ल्या ठेवा. फोनवर मालक एक शब्द बोलतील, तुम्ही दुसरा बोलायचा. दोन्ही जुळले तरच काम करायचं."

"माझा शब्द म्हणजे माझ्या घोड्याचं नाव, कुला," बायके खुशीत म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि यांनी माझ्या वडिलांचं नाव सांगायचं."

मागे बायका फिदीफिदी हसल्या. कापड कापणारी बुरुल आपा माझ्या कानाशी लागली, "आता गं? सासऱ्याचं नाव घेणार तू?" आमच्यात सून सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढत नाही.

बायकेंचे कान लाल झाले, पण भरल्या सभेत बोललेलं मागे कसं घ्यायचं? एर्निसनं मान वर न करता दोन्ही शब्द वहीत उतरवले. नाव गमतीदार आहे म्हणून बायका हसल्या, असं त्याला वाटलं असावं.

जूनमध्ये बायके डोंगरातल्या सुसामिरच्या कुरणावर किमिज, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला गेले. तिथे टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलतोय, दुसऱ्याच्या फोनवरून." आवाज बायकेंचाच, तसाच घोगरा. "तपासणी लागलीय. चार वाजेपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट आणि फोटो पाठव, पत्ता मेसेज करतो. नाहीतर कारखान्याला सील लागेल."

"एकदम सगळ्यांचे, बायके?"

"कुला," आवाज म्हणाला. "आता तरी पटलं?"

साडेतीन वाजले होते. पत्ता आला. फोन कानाशी धरूनच मी फाइल जोडली आणि बोट बटणावर ठेवून बसले. फोन खरा असला आणि मी अडून बसले, तर कारखाना बंद, एकतीस जणी घरी. शिवाय थोरल्या दिरावर संशय घेतला म्हणून त्या घरात तोंड कुठे दाखवू? आणि खोटा असला तर?

"तुझा शब्द राहिला," आवाज म्हणाला.

मी घड्याळाकडे पाहिलं.

"अगं, माझ्या वडिलांचं नाव सांग ना. नियम म्हणजे नियम."

चौदा वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. सासरे गेले तेव्हा दफनाचे कागद भरतानाही मी नणंदेला पुढे केलं होतं, आणि बायके शेजारीच उभे होते. तरी एकतीस जणींच्या काळजीनं मी ओठ उघडले. आणि तेवढ्यात मनात पाल चुकचुकली. माझे दीर मला हे विचारतील? घराला आग लागली तरी विचारणार नाहीत.

"काय गं, वाचा बसली?" आवाज हसला.

"बसली," मी म्हणाले आणि फोन आपटला.

मग रागानं डोकं भणभणलं. शब्द फोडला कोणी? माझी नजर पहिली बुरुल आपावर गेली. त्याच आठवड्यात तिनं दोनदा माझ्या कपाटाची किल्ली मागितली होती. ती खिडकीशी पाव खात होती.

"अशी काय बघतेस? खातेस का मला?" ती म्हणाली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बुरुल आपाच काय, कारखान्यातली कोणीही बाई त्या चोराला आधी सांगती, बाबा रे, हिला तेवढं विचारू नकोस. दोन्ही शब्द माहीत, पण मी कोणाची सून हे माहीत नाही, असा माणूस एकच होता. बुरुल आपाकडे बघायची मला लाज वाटली. मी मुकाट्यानं तिच्यासाठी चहा ओतला.

संध्याकाळी बायकेंचा फोन आला, मागे वारा घोंघावत होता. त्यांनी शब्द मागितला नाही, त्यावरूनच मी त्यांना ओळखलं. सगळं सांगितलं.

"नाव घेतलंस?"

"नाही, बायके."

"माझंच चुकलं. तुझ्यावर तो शब्द टाकायला नको होता."

"टाकला नसता तर आज सगळे पासपोर्ट गेले असते."

"एर्निसचा दुसरा धडा गुरुवारी आहे ना?"

"हो. सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन या म्हणालाय."

"येऊ दे त्याला. मी पोलिसातल्या भाच्याला घेऊनच खाली उतरतो."

फोन ठेवतेय तोच एर्निसचा मेसेज आला, हसरा चेहरा लावून. 'गुरुवार नक्की ना? मागचा धडा लक्षात आहे?'

मी लिहिलं, 'तोंडपाठ आहे. या.'