न धुतलेली पात

माझ्या परसातली भाजी धुवायला लागत नाही, असं मी मोठ्या तोंडानं सांगत असे. आता सांगत नाही. का, ते ऐका.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडं. घरामागं तीन गुंठ्यांत मी वांगी, मिरच्या, भेंडी लावते. निंबोळ्या कुटून भिजवायच्या, ते पाणी गाळून फवारायचं. माव्याच्या किडीला लसूण-मिरचीचा अर्क. वांग्याच्या शेंड्यानं मान टाकली की तो मोडायचा, कारण अळी आत बसलेली असते. आणि वांग्याच्या दोन ओळींमध्ये कांदा लावायचा, त्याच्या वासानं किडे बिचकतात. बचत गटातल्या पंधरा बायका 'अक्का, अक्का' करत हे माझ्याकडून शिकल्या. भाजीवर विकतचं औषध मारणाऱ्या एकीला तर मी चारचौघींत झापलं होतं.

माझी लेक दिपमाला शिंदखेड्याला दिली आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात आणायचं ठरलं आणि दिवस निघाला चंपाषष्ठीचा. तिची सासू बेबाबाई स्वतः सोडायला येणार होती. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या घरात त्या दिवशी पहिलं वांगं खातात, म्हणजे भरीत आलंच.

आता ही विहीण. मागच्या वर्षी हिला मी टोपलीभर वांगी दिली, तर हिनं एकाच्या भोकावर बोट ठेवलं आणि ते वांगं गुपचूप बाजूला काढलं. बोलली काही नाही. बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, ती वर्षभर उतरली नाही.

आणि यंदा अळी अशी पडली की विचारू नका. दहा दिवस शेंडे मोडले, अर्क मारला, तरी वांग्यामागं वांगं किडकं. षष्ठीला पाच दिवस उरले. नवरा केळीच्या मळ्यात गेला होता. मी कोठीतली कपाशीच्या औषधाची बाटली काढली. मनाला समजावलं की वांगं आपण जाळावर भाजतो, साल काढून टाकतो, विष राहील कुठं? मनाचं काय, ते सोयीचं तेवढंच ऐकतं. सगळा पंप वांग्यांवर रिकामा केला. कुणी पाहिलं नाही.

षष्ठीला वांगी बघाल तर तुकतुकीत. बेबाबाईनं एक हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाली की कमलबाई, हात आहे बुवा तुमचा. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार झाला.

मी परसाच्या कडेला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला घेतली. भरिताबरोबर आमच्याकडं कांद्याची हिरवी पात कच्चीच खातात. ती उपटायला दिपमाला वाफ्यात शिरली. बेबाबाई तिला धुऊन खा म्हणाली, तेवढ्यात पातीचा घास घेत लेक तिला म्हणाली, ते माझ्या कानावर आलं.

"आत्या, मन्ही मायनी लायेल पात शे. धुवानी कसाले?"

आईनं लावलेली पात, ती धुवायची कशाला! वांग्याचा विचार मी केला होता. वांग्यांच्या मधल्या कांद्याचा केलाच नव्हता. पातीला साल नसते आणि तिला जाळ लागत नाही.

त्या क्षणीसुद्धा मला बहाणा सुचला, याची मला आजही लाज वाटते. वाफ्यात मांजर घाण करून गेलं, असं सांगून पात फेकायला लावता आली असती, माझं नावही राहिलं असतं. पण मग भरीत? तेही ती खाणारच होती, माझ्याच भरवशावर.

"थुंक ते!" मी ओरडले. "जहर शे त्यावर. मीच फवारं."

दिपमालानं तोंडातला घास थुंकला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अनोळखी बाईकडं बघावं तसं. बेबाबाईनं तिला चुळा भरायला लावल्या, दोघी आल्या होत्या तीच गाडी काढायला सांगितली. चोपड्याच्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी बाहेर बाकड्यावर बसून सगळे देव आठवले. बाळ ठीक आहे म्हणाले, तेव्हा मी रडले.

दवाखान्याच्या पायरीवर बेबाबाई थांबली. म्हणाली, "खरं बोललात, म्हणून पोर वाचली. पण बाळंतपण आता माझ्याकडं." लेकीची पिशवी सकाळपासून गाडीतच होती, उघडलीसुद्धा नव्हती; ती तशीच परत गेली.

घरी येऊन सगळा वाफा उपटला, खोल खड्ड्यात पुरला. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. जिला मी झापलं होतं ती 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असं पुटपुटलीच. मी ऐकून घेतलं, तिचा हक्कच होता. मग दुसऱ्या जागी नवी रोपं लावली, पुन्हा निंबोळी आणि लसूण.

माघात नात झाली. होळीला दिपमाला तिला घेऊन आली, बेबाबाईही आली. नवी वांगी निघाली होती, अर्धी किडकी. मी एकही लपवलं नाही. बेबाबाईनं सुरीनं भोकाची जागा कापली आणि वांगं जाळावर ठेवलं.

दिपमाला वाफ्यात गेली, मूठभर पात उपटली. मी दारात नातीला घेऊन उभी होते. वाटलं, आता तोंडात टाकेल. ती सरळ रांजणाशी आली आणि पात धुऊ लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. धुवायला नको गं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी नातीला विहिणीकडं दिलं, तांब्या उचलला आणि लेकीच्या हातावर पाणी ओतत राहिले.