गुरुजींच्या चरित्रातली गिरजा

शनिवारी दुपारच्या बसनं स्नेहा घरी आली ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून थेट परसात गेली. गिरजा खाचरातलं तण काढून नुकतीच परतली होती आणि दगडावर उभी राहून पायाचा चिखल धूत होती.

"आये, तू पुस्तकात हायस!"

"कसल्या पुस्तकात गे?"

"गुरुजींच्या चरित्रात. पान एकतीस. हे बघ, चित्र पण हाय."

स्नेहा आठवीत होती, रामनगरच्या वसतिगृहात राहून शिकत होती, आणि वाचनालयातलं थोरामोठ्यांच्या चरित्रांचं कपाट तिनं दोन वर्षांत पालथं घातलं होतं. मुलांसाठी लिहिलेली, साठ-सत्तर पानांची, मोठ्या टायपातली पुस्तकं ती. एक शास्त्रज्ञ, एक डॉक्टरीण, एक आंधळा गवई, दोन पैलवान. सुट्टीला घरी आली की आई भाकरी थापत असताना ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. ही सगळी माणसं गरिबाघरी जन्मायची, आणि कुणीतरी एक भला गुरू त्यांना हाताला धरून पुढं न्यायचा. "आपल्यातलं कुणी कसं न्हाई गे ह्यात?" असं तिनं एकदा विचारलंही होतं. गिरजानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं होतं, एवढंच.

आणि आता आईच पुस्तकात होती. स्नेहानं उभ्या उभ्याच वाचायला घेतलं.

"सुप्याच्या धरणात गाव बुडाले, तेव्हा झिलू नावाच्या गरीब कुणब्याची आठ वर्षांची मुलगी गिरजा हिला परशुराम गुरुजींनी पोटच्या पोरीसारखे घरी आणले. रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते तिला मांडीशी घेऊन बसत. तिचे बोट धरून त्यांनी पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले, तिच्याच नावातले ग. वर्षभरात गिरजा घडाघडा वाचू लागली."

चित्रात धोतर नेसलेले गुरुजी होते, दोन वेण्यांची गोरीगोमटी मुलगी होती, पाटी होती. गिरजा चित्राकडं बघत राहिली. पाय अर्धवट धुतलेलेच होते.

"मला कधी सांगितलं न्हाईस," स्नेहा म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण तू तर रेशनला अंगठा लावतीस."

"विसरले."

"वाचायचं कोण विसरतंय?"

"मी विसरले. चल, जेव."

स्नेहाचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस शिकवायला मिळाला आणि आईनं ते असं घालवून टाकलं, याचा तिला राग आला होता. जेवताना ती पुस्तकात डोकं घालून बसली. गिरजानंही तिला बोलतं केलं नाही. खरं सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते असं नाही. पण ज्या शाळेत पोर दोन वेळचं जेवत होती, पुस्तकं वाचत होती, त्या शाळेच्या दारावर परशुराम गुरुजींचं नाव होतं.

खरं होतं ते एवढंच, की गाव बुडालं आणि झिलूनं पोरीला गुरुजींच्या दारात आणून सोडलं. "शिकवतो तिला," गुरुजी म्हणाले होते. झिलू पाया पडून गेला. दुसऱ्या दिवसापासून गिरजा भांडी घासू लागली. त्याशिवाय धुणं होतं, शेणगोठा होता, आणि दुपारी गुरुजींचे पाय चेपायचे असत. संध्याकाळी सोप्यावर शिकवणी चाले. गावातली दहा-बारा मुलं ओळीनं बसत आणि गिरजा न्हाणीघराच्या आडून ऐकत राही. एक दिवस तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि मागच्या भिंतीवर ग काढला. बरा जमला म्हणून आणखी एक काढला. शिकवणीतला एक मुलगा पाणी प्यायला मागं आला होता. त्यानं बघितलं आणि गुरुजींना जाऊन सांगितलं.

गुरुजी ओरडले नाहीत. त्यांनी चिमटा चुलीत धरला, लाल झाल्यावर बाहेर काढला, आणि गिरजाचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून बोटांवर आडवा टेकवला. "हा हात कशासाठी आहे ते ध्यानात राहील आता," ते म्हणाले आणि शिकवणीला परत गेले. त्यानंतर ती त्या घरात पाच वर्षं राबली. बोटं नीट वाकेनात, तरी भांडी घासता येत होती.

पुढं लग्न झालं. नवरा लाडू बरा माणूस होता, पण बाराही महिने गोव्याला कामावर. स्नेहा लहान असताना बोटांवरून हात फिरवून विचारायची, "हे कशानं गे?" आणि गिरजा म्हणायची, "चुलीवर भाजलं. तू चुलीजवळ जाऊ नको."

पुढच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. श्रावणात गुरुजींची पुण्यतिथी होती, चरित्रकथनाची स्पर्धा होती, आणि गिरजाबाईंनी व्यासपीठावर बसायला यावं, असं मुख्याध्यापक रामचंद्र सरांनी सांगितलं होतं. पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं.

गिरजा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच रामनगरला गेली. सर कचेरीत एकटे होते. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. तरी तिनं त्यांना न ओळखायचा प्रश्नच नव्हता. शिकवणीच्या ओळीत ते सगळ्यात पुढं बसायचे. तेव्हा ती त्यांना रामूदादा म्हणायची.

"ये, गिरजा. बस."

ती बसली नाही. "सर, त्या पुस्तकातलं माझं पान काढा."

"का गं?"

"तसं झालं न्हाई. तुमाला ठाव हाय. तुमी व्हता तितं."

सरांनी हातातलं पेन बंद केलं. "मुलांचं पुस्तक आहे ते. मुलांना साक्षीपुरावा लागत नाही गिरजा, मुलांना मोठा माणूस लागतो. त्याच्याकडं बघून ती उभी राहतात."

"भिंतीवरचं तुमीच जाऊन सांगितलं."

सर खिडकीकडं बघू लागले. बाहेर मैदानात मुली कवायतीचा सराव करत होत्या.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले.

"मी नऊची व्हते."

"मला वाटलं ते फार तर कान पिरगाळतील." सर उठले, खिडकीशी गेले, आणि पाठमोरेच बोलू लागले. आवाज आता मुख्याध्यापकाचा होता. "हे बघ, झालं ते झालं. त्याच गुरुजींनी नंतर ही शाळा काढली. ऐंशी मुलं या वसतिगृहात आहेत, तुझी मुलगी धरून. हे सगळं त्यांच्या नावावर चालतं, तुझ्या-माझ्या नावावर नाही. आणि पुस्तकात मी तुझं वाईट काय लिहिलंय? तुला शिकवलंय मी त्यात. ज्याला जे मिळालं नाही ते दिलंय."

"मला दिलं न्हाई, सर. गुरुजींना दिलंसा."

"उद्या ये. नमस्कार कर, खुर्चीवर बस. बोलायची गरज नाही. स्नेहा तुझंच पान सांगणार आहे. फार सुंदर सांगते. तिचा दिवस खराब करू नको."

गिरजा त्या रात्री रामनगरातच एका ओळखीच्या बाईकडं राहिली आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून शाळेत गेली. सर म्हणाले तसं बसायचं आणि निघायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

मंडपात पोरं दाटीवाटीनं बसली होती. गुरुजींच्या तसबिरीला झेंडूचा हार होता. पाहुणे म्हणून बेळगावहून संस्थेचे एक विश्वस्त आले होते, महाबळेश्वर नावाचे, सत्तरीतले, बोलताना डोळे पाणावणारे गृहस्थ. त्यांनी गिरजाला वाकून नमस्कार केला. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि उजवा हात पदराखाली घेतला.

स्नेहा चौथ्या नंबरावर बोलायला उभी राहिली. गणवेश कडक इस्त्रीचा, केसांना लाल फीत. "तिचे बोट धरून," ती म्हणाली आणि स्वतःचं बोट तिनं हवेत असं काही फिरवलं, की सगळ्या मंडपाला ग दिसला. शेवटी आईकडं हात करून ती म्हणाली, "तीच गिरजा आज आपल्यासमोर बसली आहे. आणि मी तिची मुलगी." टाळ्या थांबेनात. गिरजालाही क्षणभर वाटलं, असंच झालं असेल. पोर एवढं छान सांगते तर असंच झालेलं बरं.

तेवढ्यात महाबळेश्वर उठले. डोळे पुसत त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, पान उघडलं, आणि गिरजाच्या हातात दिलं. "आता हे पान गिरजाबाईंनीच वाचून दाखवावं. गुरुजींना याहून मोठी श्रद्धांजली काय असेल?"

रामचंद्र सर खुर्चीतून अर्धवट उठले. "साहेब, वेळ जरा कमी..."

"एक मिनिट लागेल हो!" म्हाताऱ्यानं माईक तिच्या तोंडापुढं धरला.

गिरजानं पानाकडं बघितलं. चित्र तेवढं ओळखीचं होतं. खाली काळ्या मुंग्यांसारख्या ओळी.

"मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली.

"ही नम्रता बघा!" महाबळेश्वर मंडपाला म्हणाले. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "एकच ओळ वाचा. तुम्हाला गुरुजींची शपथ."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. स्नेहा व्यासपीठाच्या कडेला उभी होती. ती दात आवळून पुटपुटली, "आये, मी सांगत्ये, माझ्या मागनं म्हण. सुप्याच्या धरणात..."

गिरजानं पुस्तक मिटलं. शपथ घातली नसती तर ती कदाचित म्हणालीही असती.

"गुरुजींनी मला शिकवलं न्हाई," ती म्हणाली. माईकमधून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी कोळशानं भिंतीवर अक्षर काढलं, म्हणून चिमटा तापवून माझ्या बोटांवर ठेवला. ही बघा." तिनं पदराखालचा हात बाहेर काढला.

पुढची पोरं हात बघायला माना उंचावू लागली. महाबळेश्वरांनी आधी हाताकडं बघितलं, मग तसबिरीकडं, मग सरांकडं. सर शांतपणे पुढं आले आणि त्यांनी माईक हळूच आपल्या हातात घेतला. "बाईंच्या मनावर आज ताण आलाय," ते म्हणाले. "स्नेहा, इकडं ये बाळ. तू आमची खरं बोलणारी मुलगी. आईची बोटं कशानं भाजली? तिनं तुला काय सांगितलंय?"

स्नेहानं आईकडं बघितलं. गिरजानं पोरीच्या डोळ्यांत बघितलं आणि काय येणार ते तिला कळलं.

"चुलीवर," स्नेहा म्हणाली. "लहानपणी."

सरांनी माईक मागं घेतला होता. एवढंच त्यांना हवं होतं. पण स्नेहानं हात पुढं करून तो परत ओढून घेतला आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगितलं, "माझी आई अलीकडे सगळं विसरते. तिला वाचायला येत होतं, तेही ती विसरली. काहीही बोलते. तुम्ही तिच्यावर रागावू नका."

मंडप सैल झाला. महाबळेश्वरांनी गिरजाच्या डोक्यावरून कीव आल्यासारखा हात फिरवला आणि दोन शिक्षिकांनी तिला दंडाला धरून खाली नेलं.

पहिलं बक्षीस स्नेहाला मिळालं. गिरजा स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसली होती. स्नेहा ढाल घेऊन तिथं आली, उभीच राहिली.

"आये, चुलीवर भाजलं तर असं सरळ पट्ट्यात भाजत न्हाई. चारी बोटांवर एकसारखं." तिनं ढालीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मला कधीचं कळलंय. फक्त कुणी केलं ते ठाव नव्हतं. आज कळलं."

गिरजानं उजवा हात परत पदराखाली घेतला. "मग गे?"

"मग काय? मला हितंच शिकायचं हाय. तू घरी जाशील, तुझं शेत हाय. मी कुठं जाऊ? तुझ्यासंगं तण काढाय येऊ?"

"तू मला वेडी केलीस सगळ्यांत."

"व्हय," स्नेहा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते पुसलं नाही आणि गळूही दिलं नाही. "तू एकटी हायस. ते सगळे हायत. मी काय करणार व्हते?"

आतून तिला फोटोसाठी हाक आली. फीत नीट करून ती गेली. महाबळेश्वरांच्या आणि सरांच्या मधे तिला उभं केलं. गिरजा मागच्या फाटकातून बाहेर पडली आणि बसची वाट बघत थांबली. लाऊडस्पीकरवर बक्षिसांची नावं चालूच होती.

त्या शनिवारी स्नेहा घरी आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी, तिच्याच वर्गातली शेजारची राखी अंगणात आली आणि लांबूनच म्हणाली, "मावशी, स्नेहाला जादा तास हायत. दसऱ्यापर्यंत यायची न्हाई. आणि तुमी पण भेटायला येऊ नका म्हणून सांगितलंय."

गिरजाच्या हातात भाताच्या पेंढ्याची मोळी होती. ती तिनं खाली ठेवली नाही.

"सरांनी सांगितलं?"

राखी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"खरं सांग पोरी. मी रागावणार न्हाई."

"सर तसं काय म्हणाले न्हाईत, मावशी," राखी म्हणाली. "तिनंच सांगितलं. पोरी तिला वेडीची पोर म्हणतात."

गिरजानं मान हलवली. मोळी गोठ्यात नेली, म्हशीपुढं टाकली, आणि राखी अजून उभीच आहे हे बघून तिला ताकाचा पेला आणून दिला. राखी ताक प्याली, पेला विसळून पायरीवर ठेवला, आणि घरी गेली.